कणांमधली सेंद्रिय संयुगे: अर्क काढून मोजावीत की फिल्टर थेट तापवून?

हवेतले कण क्वार्ट्झ फिल्टरवर गोळा केले की त्यांतले अल्केन (कार्बन-साखळीची हायड्रोकार्बन), पीएएच (अनेक बेन्झीन वलये जोडलेली संयुगे) आणि होपेन (खनिज तेलातली वलयी हायड्रोकार्बन) जीसी-एमएसवर (संयुगे वेगळी करून ओळखणारे गॅस क्रोमॅटोग्राफ-मास स्पेक्ट्रोमीटर) मोजायला दोन वाटा आहेत. एकीत फिल्टर डायक्लोरोमिथेन-मिथेनॉल या द्रावकात सॉनिकेट करून (अल्ट्रासाउंडने हलवून) अर्क आटवतात. दुसरीत फिल्टरचा एक-दोन चौरस सेंटिमीटरचा पंच (कापून काढलेला तुकडा) इंजेक्टरच्या लायनरमध्येच (नमुना यंत्रात शिरतो तिथल्या काचनळीतच) तापवतात. फिल्टर आधी ५५० अंश सेल्सिअसला भाजणे दोन्हीकडे सारखेच.

माझे मत ठरले ते आटवण्यावरून. अर्क नायट्रोजनच्या झोताखाली अर्ध्या मिलिलिटरवर आणताना फिनॅन्थ्रीन आणि सोळा-सतरा कार्बनचे अल्केन उडतात, बेन्झो-ए-पायरीन मात्र जवळपास जागेवर राहते. अंतर्गत मानक (ठरावीक प्रमाणात घातलेले तुलनेचे संयुग) म्हणून एकटे जड पेरिलीन-डी१२ घातले असेल तर रिकव्हरी (परत मिळालेले प्रमाण) उत्तम दिसते आणि हलक्यांची तूट कळतही नाही. उलट सगळ्यांना हलके फिनॅन्थ्रीन-डी१० लावले तर जड संयुगांचे आकडे फुगतात. म्हणजे वजनागणिक वेगळे ड्युटेरेटेड (हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेले) मानक हवे, आणि तरीही कुपी एकदा कोरडी पडली की नमुना गेलाच. त्यात द्रावकातली थॅलेटही (प्लास्टिकमधून येणारी अशुद्धी) त्याच पटीने दाट होतात.

थेट तापवताना ही पायरीच उरत नाही. मानकाचे एक-दोन मायक्रोलिटर पंचवर टाकून द्रावक उडू द्यावे, इंजेक्टर ५० अंशांच्या आसपास असताना लायनर बसवावा, हेलियमने आत शिरलेली हवा पूर्ण धुवावी आणि मगच २७५-३०० अंशांपर्यंत न्यावे. तोवर कॉलमचा (संयुगे वेगळी करणाऱ्या लांब नळीचा) ओव्हन थंडच हवा. नाहीतर संयुगे कॉलमच्या तोंडाशी एकवटत नाहीत आणि सुरुवातीची शिखरे (आलेखावरचे उंचवटे) पसरतात. क्वार्ट्झचे तंतू कॉलममध्ये जाऊ नयेत म्हणून लायनरमध्ये खाली काचलोकर घालावी. तोच पंच पुन्हा तापवून पाहिला की मागे किती उरले तेही कळते.

एका पंचची यंत्रावर एकच धाव होते, ही तक्रार रास्त आहे. डिटेक्टर संपृक्त झाला तर दुसरा पंच घ्यावा लागतो आणि त्यासाठी फिल्टरवरचा थर एकसारखा हवा. मोठ्या हाय-व्हॉल्यूम (खूप हवा ओढणाऱ्या यंत्राच्या) फिल्टरवर सहसा अडत नाही. छोट्या फिल्टरवर मात्र विचार करावा.

लेव्होग्लुकोसान (लाकूड जळताना बनणारे साखरेसारखे संयुग) किंवा डायकार्बोक्सिलिक आम्ले हवी असतील तर अर्कच बरा. तिथे बीएसटीएफए (संयुगांना टीएमएस, म्हणजे ट्रायमिथिलसिलिल, गट जोडणारे अभिकर्मक) घालून ७० अंशांवर ठेवण्याआधी मिथेनॉल आणि ओलावा पुरता घालवावा. अंश राहिला तर अभिकर्मक त्यातच खर्च होतो आणि लेव्होग्लुकोसानला तीनऐवजी दोनच टीएमएस गट लागून वेगळे शिखर येते. या अर्कासाठी फिल्टरचा एक चतकोर उणे २० अंशांत राखून ठेवावा. बाकीचा पंचकडे वळवावा.