एनक्लेक्स-आरएनचं प्रश्नसंच अ‍ॅप: स्पष्टीकरणं उत्तम, गुण चुकीचे

एनक्लेक्स-आरएन म्हणजे अमेरिकेत नोंदणीकृत नर्स (आरएन) होण्याची परवाना परीक्षा. तिच्या सरावाच्या अ‍ॅपचं माझं सबस्क्रिप्शन संपत आलंय आणि नूतनीकरणाचे मेसेज रोज येतायत. डॉलरमध्ये पुन्हा पैसे मोजण्याआधी हे लिहितेय. प्रश्न किती, मॉक किती, ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात जात नाही.

खोट आहे गुण देण्यात. 'सिलेक्ट ऑल दॅट अप्लाय' (लागू पडतील ते सगळे पर्याय निवडा) प्रश्नाला हे अ‍ॅप अजूनही सगळं बरोबर असेल तरच गुण देतं, नाहीतर शून्य. १ एप्रिल २०२३ ला नेक्स्ट जनरेशन एनक्लेक्स, म्हणजे परीक्षेचं नवं रूप, आलं तेव्हाच ही पद्धत गेली. आता प्रत्येक बरोबर पर्यायाला अधिक एक, चुकीच्याला वजा एक, आणि बेरीज शून्याखाली जात नाही.

एक प्रश्न बघा. रक्त चढवायला सुरुवात करून १० मिनिटं झालीत, पेशंटला थंडी वाजून ताप आलाय, कंबर दुखतेय. पर्याय सहा: रक्त थांबवा, नव्या सेटने (नळीने) नॉर्मल सलाइन लावा, पेशंटची ओळख आणि बॅगचं लेबल पुन्हा पडताळा, डॉक्टर आणि ब्लड बँकेला कळवा, वेग कमी करा, बॅग फेकून द्या. पहिले चार बरोबर. बॅग आणि सेट ब्लड बँकेला परत जातात, फेकायचे नसतात. कुणी चारही बरोबर धरून 'फेकून द्या'वरही खूण केली तर परीक्षेत ३ गुण. अ‍ॅपमध्ये शून्य.

याने नुसती टक्केवारी पडत नाही, सवयही बिघडते. शून्याच्या धास्तीने मुली खात्रीचे दोनच पर्याय धरतात आणि हातचे गुण सोडतात. पर्याय बरोबर असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त वाटली तर तो धरावा, हिशोब इतका सरळ आहे. 'अमुक इतके निवडा' असं लिहिलं असेल तर वजा गुण नाहीतच, तितके पर्याय भरायचेच. खरी परीक्षा ८५ ते १५० प्रश्नांत पातळी ठरवते, टक्के देत नाही. पण तारीख घ्यायची की पुढे ढकलायची, हे आपण अ‍ॅपच्या टक्क्यांवरच ठरवतो. म्हणून हा आकडा खोटा असणं मला चालत नाही.

सर्व्हिसकडे विचारलं तर 'अभिप्राय टीमकडे पाठवला आहे', एवढंच. मधल्या अपडेटनंतर केस स्टडीजना (एकाच पेशंटवरच्या प्रश्नमालिकांना) नवी पद्धत आली, सुट्या प्रश्नांना नाही. आता टक्केवारी अर्धी जुनी, अर्धी नवी.

स्पष्टीकरणं मात्र आधी फापटपसारा वाटायची, ते मत बदललं. वरच्याच प्रश्नात सेट नवाच का, हे त्यांनी नीट सांगितलंय: जुन्याच नळीतून सलाइन सोडलं तर नळीत उरलेलं न जुळणारं रक्त पेशंटच्या शिरेत ढकललं जातं. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाचंही तसंच. एपिकल पल्स (छातीवर स्टेथोस्कोप लावून ऐकलेले ठोके) पूर्ण एक मिनिट मोजा, मोठ्या माणसात ६० च्या खाली असेल तर डोस थांबवा, हे पाठ असतंच. फ्युरोसेमाइडने (लघवी वाढवणाऱ्या औषधाने) पोटॅशियम घटलं की पेशींवरच्या सोडियम-पोटॅशियम पंपावर डिगॉक्सिनला जास्त जागा मिळते आणि विषबाधा लवकर होते, ही साखळी कळली की मळमळ, पिवळसर दिसणं आणि ३.० चं पोटॅशियम एका नजरेत जुळतं.

डेलिगेशनमध्ये, म्हणजे कोणतं काम कुणाकडे सोपवायचं या प्रश्नांत, अ‍ॅप आपल्याकडच्यांना वाऱ्यावर सोडतं. एलपीएन (अमेरिकेत आरएनच्या खालची परवानाधारक नर्स) हे पद इथे नाही. जीएनएमला (आपल्याकडच्या डिप्लोमा नर्सला) त्या जागी धरलं की उत्तर चुकलं. पहिलं असेसमेंट, शिकवणं, मूल्यमापन आणि अस्थिर पेशंट आरएनकडेच. एलपीएनकडे स्थिर, अपेक्षित वाटेने चाललेला पेशंट. आपल्या वॉर्डात मावशी आणि नातेवाईक करतात ती बरीच कामं यूएपीकडे (परवाना नसलेल्या मदतनिसांकडे): अंघोळ, इनटेक-आउटपुटची नोंद, भरवणं, पण गिळायला त्रास असलेल्याला भरवणं नाही.

स्पष्टीकरणांसाठी एक महिना वाढवतेय, तीन महिन्यांचा प्लॅन घेणार नाही. सुट्या प्रश्नांचे गुण वहीत अधिक-वजा करून मांडा आणि परीक्षेची तारीख त्या आकड्यावर घ्या.