पीबीआर मार्क 2 गस्ती नौकेचं मॉडेल: पंपवाल्याचा अभिप्राय

व्हिएतनाम युद्धात अमेरिकी नौदलाने 1966 मध्ये मेकाँगच्या खाड्या-कालव्यांत ज्या पीबीआर (पेट्रोल बोट, रिव्हर) गस्ती नौका उतरवल्या, त्यांच्या मार्क 2 चं हे 1/35 मापाचं जपानी किट. बहुतेक लोक पुढच्या जोड-मशीनगनसाठी घेतात. मी घेतलं बुडासाठी. सोलापुरात माझं पंप दुरुस्तीचं दुकान आहे, आणि या बोटीला पाण्यात फिरणारा पंखाच नाही, पंप आहेत. तेही जकुझीचे! बाथटबमुळे प्रसिद्ध झालेली ही कंपनी आधी विहिरींचे जेट पंप करायची.

मूळ बोट फायबरग्लासची, 32 फुटी. डेट्रॉइटची दोन डिझेल इंजिनं, प्रत्येकाला एक पंप. बुडाच्या जाळीतून पाणी ओढायचं, इंपेलरने, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाने, रेटायचं, मागच्या नोझलमधून फेकायचं. नोझल फिरवलं की बोट वळते, धारेसमोर झडप पाडली की मागे येते. त्यामुळे दोन फूट पाण्यातही ती जायची आणि वेग सुमारे 28 नॉट, म्हणजे ताशी पन्नास किलोमीटरच्या वर. दुखणं मात्र ओळखीचं: पाणवनस्पती जाळीत अडकल्या की पंप गुदमरायचा. भीमाकाठचे शेतकरी पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाचा, जलपर्णीने गच्च भरलेला फुटव्हॉल्व घेऊन येतात, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

किटमध्ये मागची नोझलं सुबक आली आहेत, सांधे नीट बसतात, चौघांची पलटणही आहे. मला खटकलं ते एवढंच की इंजिनावरची झाकणं बंद आहेत आणि आत काहीच नाही. या बोटीचं खरं काळीज तिथेच आहे, ते दाखवायलाच हवं होतं. मी तारेचे तुकडे आणि जुन्या पेनच्या नळ्या वापरून एका बाजूचं इंजिन उभं करतोय.

रंगवताना कडेच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीकडे लक्ष द्या. ती मार्क 2 ची ओळख. झडतीसाठी तिथल्या सपाट बुडाच्या सांपान होड्या सतत कडेला लागायच्या, फायबर झिजायचं, म्हणून ती बसवली. हिरवा रंग सुकल्यावर तिथे चंदेरी रंगाचे आडवे ओरखडे बारीक ब्रशने ओढा, लगेच जिवंत दिसते.

आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी स्प्रे मारू नका. रंग वाटेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पहाटे सहाच्या आत उरका.