रात्री स्क्विड पकडण्याचा नवशिक्यांचा संच: सात महिन्यांच्या वापरानंतर

नवशिक्यांसाठी म्हणून विकला जाणारा, रात्री स्क्विड (म्हणजे आपली माकूल) पकडण्याचा एक तयार संच मी सात महिन्यांपूर्वी घेतला आणि तेव्हापासून चाळीसएक रात्री धक्क्यावर आणि खडकांवर काढल्या. संचात साडेआठ फुटांची दोन तुकड्यांची काठी, २५०० मापाचे रीळ, त्यावर आधीच गुंडाळलेली विणलेली दोरी, सहा जिग (म्हणजे खोटी आमिषे), पाण्यात सोडायचा हिरवा एलईडी दिवा आणि डोक्याला बांधायची विजेरी एवढ्या वस्तू होत्या. खोक्यावर सर्वांत मोठे चित्र दिव्याचे होते आणि मीही तो संच दिव्याच्या मोहानेच घेतला, हे आधीच कबूल करतो.

पहिल्या पाच रात्री हाती काहीही लागले नाही. दोष संचाचा नव्हता, माझा होता. पण संचासोबतच्या घडीपत्रिकेत ज्या एका गोष्टीबद्दल दोन ओळी असायला हव्या होत्या, तिचा उल्लेखच नव्हता. स्क्विड जिगवर झडप घालतो तो बहुतेक वेळा ती खाली बुडत असताना, वर ओढली जात असताना नव्हे. मी मात्र मासे पकडण्याच्या सवयीने जिग दूर फेकून ती सतत गुंडाळत राहिलो. म्हणजे ज्या क्षणी तिने काम करायचे, तो क्षण मी तिला एकदाही दिला नाही.

जिग म्हणजे कोळंबीच्या आकाराचे खोटे आमिष. जपानमध्ये तिला एगी म्हणतात. पूर्वी ती लाकडाची कोरत असत, आता प्लास्टिकच्या अंगावर कापड चढवलेले असते. नाकाशी शिशाचे वजन असते आणि शेपटीशी सुयांची वर वळलेली दोन कडी असतात. या सुयांना उलटा काटा नसतो. जिगची मापे जपानी 'सुन' या लांबीच्या एककावरून आली असून एक सुन सुमारे ३ सेंटिमीटरचा असतो, त्यामुळे ३.५ क्रमांकाची जिग साधारण १०.५ सेंटिमीटर लांब आणि २० ग्रॅमच्या आसपास वजनाची भरते. माझ्या संचात २.५, ३ आणि ३.५ या मापांच्या प्रत्येकी दोन जिग होत्या. शांत, उथळ पाण्यात ३ क्रमांकाची सर्वांत उपयोगी पडली. वारा किंवा पाण्याची ओढ असली की ३.५ला पर्याय नाही, कारण हलकी जिग तळाशी पोचण्याआधीच दोरीचा फुगा होतो आणि काठीच्या टोकाला काहीच कळेनासे होते.

सहाव्या रात्रीपासून मी आकडे मोजायला लागलो आणि तिथून सगळे बदलले. जिग फेकायची, दोरी मोकळी सोडायची आणि ती पाण्याला टेकल्यापासून सेकंद मोजत राहायचे. नेहमीची ३.५ची जिग एक मीटर बुडायला साधारण ३ ते ३.५ सेकंद घेते, म्हणून तिसाव्या आकड्याला दोरी सैल पडली तर खाली नऊ-दहा मीटर पाणी आहे असे समजावे. त्यानंतर काठीला दोन-तीन झटके देऊन जिग वर उसळवायची आणि दोरी किंचित ताणात ठेवून तिला नाक खाली करून पुन्हा बुडू द्यायची. दुसऱ्या खेपेपासून तळाला टेकण्याच्या पाच आकडे आधीच झटका द्यावा, नाहीतर जिग खडकात अडकते. माझ्या दोन जिग अशाच गेल्या.

स्क्विडने जिग धरली की माशासारखा हिसका बसतोच असे नाही. तर्जनी दोरीवर हलकी टेकवून ठेवली असताना कधी बुडणारी जिग मध्येच थांबल्यासारखी वाटते, कधी बाविसाव्या आकड्यालाच दोरी सैल पडते, तर कधी एखादी ओली पिशवी अडकल्यासारखे नुसते वजन जाणवते. अशा वेळी मनगटाने सावकाश, पण ठामपणे काठी उचलायची. मग ते वजन अंगावर येते, क्षणभर थांबते, पुन्हा पाणी मागे फेकून जोर करते. त्या प्रत्येक जोराला रिळातून दोरी थोडी सुटते आणि थांबते. हा थांबत-थांबत येणारा ओढा एकदा हाताला कळला की पुन्हा विसरत नाही.

काठीबद्दल माझी तक्रार नाही. टोक मऊ आणि मधला भाग ताठ आहे, तीन तास झटके देऊनही मनगट फारसे दुखत नाही. रिळाचे तसे म्हणता येणार नाही. त्याचा ड्रॅग, म्हणजे ताण वाढला की दोरी सोडणारी चकती, सुरुवातीला बरा चालला; तिसऱ्या महिन्यानंतर तो आधी अडकून मग एकदम सुटू लागला. या खेळात ही त्रुटी महागात पडते. स्क्विडची शुंडके नाजूक असतात आणि ड्रॅग घट्ट असला तर जनावर सुटून जाते व सुयांवर शुंडकाचा तुकडा तेवढा राहतो. उलट, सुयांना काटा नसल्यामुळे दोरी सैल सोडूनही चालत नाही. अशा तुटक्या शुंडकांसह चार रात्री परत आल्यावर मी रीळ बदलले. विक्रेत्याने उत्तरात मिठाच्या पाण्याकडे बोट दाखवले, जणू काही हा संच गोड्या पाण्यासाठी होता!

दोरीही बदलावी लागली, कारण ती गरजेपेक्षा जाड होती. विणलेली ०.६ ते ०.८ क्रमांकाची दोरी आणि पुढे दीड मीटर फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे दोरी आणि जिग यांच्यामधला तुकडा, एवढे पुरते. बारीक दोरीने जिग दूर जाते, ओढीत कमी वाहते आणि हाताला निरोप लवकर पोचतो.

आता दिव्याविषयी. पहिल्या महिन्यात मी तो पाण्यात सोडून अगदी त्याच्या उजेडात जिग नाचवत बसे. दिवा आपले काम करत होता: अर्ध्या-पाऊण तासात त्याच्याभोवती बारीक जीव जमत, मग त्यांच्यामागे लहान मासे येत. स्क्विड मात्र उजेडात क्वचितच दिसे. तो उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर, बऱ्याचदा थोडा खाली, थांबतो आणि तिथून उजेडातल्या माशावर झेप घेतो. म्हणून जिग उजेडापलीकडे फेकून ती सीमारेषेवर बुडू द्यावी लागते. हे कळल्यावर लक्षात आले की धक्क्यावरच्या स्थिर दिव्याची सावली जिथे पडते तिथेही हेच साधते, आणि मग बॅटरीचे ओझे वाहण्याचे फारसे कारण उरले नाही. चौथ्या महिन्यात वायरीच्या तोंडाशी पाणी शिरून दिवा बंद पडला तेव्हा मला वाईट वाटले, पण पकड कमी झाली नाही.

डोक्याची विजेरी मात्र रोज लागते. ती पाण्यावर फिरवू नये, कारण अचानक हलणारा झोत पडला की जवळ आलेला स्क्विड निघून जातो. गाठ बांधताना, सुया सोडवताना पाण्याकडे पाठ करून ती लावावी. तिचा लाल उजेड याला पुरेसा असतो.

जिगच्या रंगांवर लोक फार बोलतात. बहुतेक स्क्विडांच्या डोळ्यांत एकच दृक्रंगद्रव्य असते, त्यामुळे त्यांना आपल्यासारखे रंग दिसत नाहीत. गडद-फिकट आणि चकाकी यांतला फरक मात्र ते नेमका टिपतात. काळोख्या रात्री अंधारात चमकणारी जिग आणि चांदण्यात गडद जिग, एवढ्या दोनच मला पुरल्या. सहा रंग विकत घेणारा मीच त्या रंगांना फसलो होतो.

शाईबद्दल इशारा द्यायला हवा. पाण्याबाहेर येताच स्क्विड आधी पाणी आणि मग शाई फवारतो. त्याला धक्क्यावर घेण्याआधी पाण्याच्या पृष्ठभागावरच काही क्षण धरून ठेवावे, शाई तिथे सोडू द्यावी, आणि लांब दांड्याच्या झोळीत भुजांकडून नव्हे तर मागून, म्हणजे शेपटीच्या बाजूने घ्यावे, कारण घाबरला की तो शेपटी पुढे करूनच पळतो आणि मग थेट झोळीतच जातो. हे मी उलटे केले होते. त्या रात्रीचा सदरा अजूनही धुऊन निघालेला नाही. धरताना, ज्यातून तो पाणी आणि शाई फवारतो त्या नळीचे तोंड स्वतःपासून दूर वळवावे. डोळ्यांच्या मध्ये टोकदार साधन नीट टोचले की अंगावरचे तपकिरी ठिपके मिटून त्वचा क्षणात पांढरी पडते. एका बाजूलाच पांढरी पडली, तर दुसऱ्या बाजूला कलून पुन्हा टोचावे लागते.

देखभालीत एक गोष्ट टाळू नये: घरी येताच जिग गोड्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवणे. मी दोनदा आळस केला आणि दोन जिगच्या सुया गंजल्या, बोथट झाल्या. बोथट सुईवर स्क्विड नुसता टेकतो आणि सुटतो.

उधाणाच्या दिवसांत, भरती किंवा ओहोटीची ओढ मंदावण्याच्या आधी-नंतरचा तास माझ्यासाठी सर्वांत फलदायी ठरला. पूर्ण थांबलेल्या पाण्यात मी बहुधा चहा पीत बसतो. खडकांवर जाताना पकड असलेली पादत्राणे आणि फुगणारे जाकीट घातल्याशिवाय मी जात नाही, आणि एकटा तर नाहीच, कारण शेवाळ रात्री दिसत नाही.

आता संचातले माझ्याकडे काठी, विजेरी आणि ३ क्रमांकाच्या दोन जिग एवढेच उरले आहे. नवशिक्याने काठी अशीच घ्यावी, रीळ वेगळे आणि जरा बरे घ्यावे, दोन मापांच्या चार जिग घ्याव्यात आणि दिव्याचे पैसे पहिला महिनाभर खिशातच ठेवावेत.