वॉटरप्रूफिंगवाल्याने आमच्या सोसायटीला घातलेली टोपी

आमची बिल्डिंग मुलुंड पूर्वेला, चार मजली, 1986 ची. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर, वर चायना चिप्स, म्हणजे फरश्यांचे तुकडे. मी सोसायटीची खजिनदार. चेकवर सही माझी होती, म्हणून हे मीच लिहायला हवं.

गेल्या वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूमच्या छताला ओल दिसायला लागली. मेमध्ये. आभाळात ढगसुद्धा नव्हता, आणि तरी ‘ही ओल येते कुठून’ असं कमिटीत कुणीही विचारलं नाही. पाऊस तोंडावर आलाय एवढंच सगळ्यांच्या डोक्यात.

लेटरबॉक्समध्ये पडलेल्या कागदावरचा नंबर फिरवला. गृहस्थ तासाभरात हजर. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन पिनांचं मीटर. भिंतीला टेकवलं की टीं टीं. छताला टेकवलं, टीं टीं. “मॅडम, स्लॅब पूर्ण पाणी प्यायलाय. प्लास्टर कुणाच्या डोक्यात पडलं तर जबाबदारी कमिटीची.” हे वाक्य बरोबर बसलं. ते मीटर भिंतीतल्या क्षारांनीसुद्धा ओरडतं आणि जुन्या प्लास्टरमध्ये क्षार असतातच, हे मला नंतर कळलं. तुमच्याकडे असं मीटर आणलं तर आधी पहिल्या मजल्यावरच्या कोरड्या भिंतीला लावायला सांगा. तिथेही वाजलं तर चहा पाजून रवाना करा.

गच्ची 2400 चौरस फूट, भाव 95 रुपये, एकूण 2,28,000. ‘इम्पोर्टेड केमिकल’चे तीन हात, दहा वर्षांची गॅरंटी. तीन कोटेशनं मागवायचा आपला नियम, पण पावसाच्या धास्तीने व्हॉट्सॲपवरच मंजुरी झाली. 60 टक्के ॲडव्हान्स गेला, चौथ्या दिवशी ‘माल संपला’ म्हणून आणखी 50,000.

माल म्हणजे 20 लिटरच्या चार बादल्या. वॉचमनकाका मला म्हणाले होते, “ताई, बादलीत निम्मं पाणी ओततायत.” मी म्हटलं, तसंच मिसळत असतील. तेव्हा साधा भागाकार केला असता तर कळलं असतं: 2400 फुटांवर तीन हात म्हणजे 7200, भागिले 80. एका लिटरमध्ये 90 फूट! असलं जाड कोटिंग त्याच्या आसपासही पसरत नाही. शिवाय आदल्या संध्याकाळी वळवाची सर येऊन गेली होती, आणि यांनी सकाळी ओल्या चिप्सवरच ब्रश फिरवला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाने एकच रात्र झोडपलं. सकाळी गच्चीवर पांढरे फुगे. नख लावलं की दुधाच्या सायीसारखा पापुद्रा हातात येत होता. खाली काकूंनी बेडवर प्लास्टिक अंथरलेलं. फोन आधी ‘साइटवर आहे’, मग बंद. लेटरहेडवरचा पत्ता एका झेरॉक्सच्या दुकानाचा निघाला. गॅरंटी तेव्हा कुठे नीट वाचली: ‘पाइप, टाकी व तडे वगळून’. म्हणजे छत जिथून गळतं ते सगळं वगळून.

शेवटी शेजारच्या बिल्डिंगमध्ये काम करणाऱ्या गवंडीमामांना हातापाया पडून बोलावलं. त्यांनी मीटर नाही, हातोडी आणली आणि पहिला प्रश्न विचारला, “ताई, उन्हाळ्यात पण ओल होती का?” हो म्हटल्यावर सरळ टाकीकडे गेले. टाकीच्या बुडाशी पाइप जिथून बाहेर येतो तो सांधा पाझरत होता, बारा महिने. टाकीमागे गच्चीचा कठडा आणि जमीन मिळतात त्या कोपऱ्यातला वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, तडकलेला, आणि कुणीतरी डिशच्या स्टँडचे चार बोल्ट थेट कोब्यात ठोकलेले. पावसाळी पाइपच्या तोंडाशी कबुतरांची पिसं अडकून तळं साचत होतं ते वेगळंच. मामा म्हणाले, पाणी कोब्यात शिरतं एकीकडे, स्लॅबवरून सरकतं आणि टपकतं दहा फुटांवर. डाग दिसतो त्याच्या डोक्यावर भोक शोधू नका. या सगळ्यात आमच्या महागड्या केमिकलचा ब्रश टाकीखाली पोचलाच नव्हता.

सांधा, वाटा, बोल्टांची भोकं, पावसाळी पाइपच्या तोंडाची जाळी मिळून 21,000 झाले. उघडीप बघून मामांनी पाइपची तोंडं बंद करून गच्चीवर 48 तास पाणी भरून ठेवलं, काकूंनी रात्री दोनदा उठून टॉर्चने छत बघितलं, आणि मगच मामांनी पैसे घेतले. आधीच्या माणसाला ही चाचणी मागितली असती तर पहिल्या दिवशीच सटकला असता.

चौकीत ‘हा दिवाणी मामला’ असं उत्तर मिळालं. ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, त्या आत आम्ही अर्ज टाकलाय. बादल्यांचे फोटो वॉचमनकाकांच्या मोबाइलवर निघाले, माझ्याकडे एकही नव्हता.