टेस्टच्या कोडमध्ये कायम राहावा असा लॉगर : 'डीबग'

जावास्क्रिप्टच्या टेस्ट सांभाळणं हे माझं रोजचं काम. त्यात 'डीबग' या छोट्याशा एनपीएम (जावास्क्रिप्टच्या तयार पॅकेजांचं भांडार) पॅकेजचा मला जितका उपयोग होतो, तितका मोठमोठ्या लॉगरचा, म्हणजे प्रोग्राम चालताना काय घडतंय ते नोंदवणाऱ्या साधनांचा, होत नाही.

टेस्ट फेल झाली की आपण मधल्या किमती छापणारं कन्सोल डॉट लॉग टाकतो, कारण सापडलं की पुसतो. काही दिवसांनी तीच टेस्ट पुन्हा बिनसते आणि त्याच ओळी परत लिहाव्या लागतात. डीबगच्या ओळी पुसाव्याच लागत नाहीत. प्रत्येक भागाला नाव द्यायचं, समजा 'कार्ट:साठा' आणि 'कार्ट:सवलत', आणि टेस्ट चालवताना डीबग या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रामला बाहेरून दिलेल्या सेटिंगमध्ये) हवं ते नाव टाकायचं. एरवी सगळं गप्प. 'कार्ट:*' दिलं की अख्खं कार्ट बोलतं. पुढे स्वल्पविराम देऊन '-कार्ट:सवलत' जोडलं की तेवढंच वगळलं जातं. एक्सप्रेस हे वेब फ्रेमवर्क आणि मोका हे टेस्ट चालवणारं साधनही हेच पॅकेज वापरतात, त्यामुळे गरज पडली तर त्यांच्या पोटात काय चाललंय तेही ऐकता येतं.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो ओळीच्या शेवटी येणारा मिलिसेकंदांचा आकडा. कधी पास, कधी फेल अशा टेस्टमध्ये दोष बहुधा क्रमाचा असतो : साठ्याचं उत्तर यायच्या आधीच सवलत मोजली जाते. मात्र हा आकडा त्याच नावाच्या मागच्या ओळीपासूनचा असतो, स्क्रीनवरच्या मागच्या ओळीपासूनचा नव्हे. दोन नावांची तुलना करायची तर मी स्टँडर्ड एरर, म्हणजे डीबगच्या ओळी जिथे छापल्या जातात तो प्रवाह, एका फाइलकडे वळवते. समोर टर्मिनल नसलं की डीबग रंग सोडून प्रत्येक ओळीला पूर्ण वेळ लावतं, आणि कोण आधी, कोण नंतर याचा वाद तिथेच मिटतो. जेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनात अशा वेळी रन-इन-बँड (सगळ्या टेस्ट एकाच प्रोसेसमध्ये चालवण्याचा) पर्याय जरूर द्या, नाहीतर वेगवेगळ्या वर्करच्या, म्हणजे समांतर चालणाऱ्या प्रोसेसच्या, ओळी एकमेकींत मिसळतात.

आणखी एक सोय फार कमी जण वापरतात. डीबग डॉट लॉगच्या जागी आपलं फंक्शन बसवता येतं. मी ओळी एका ॲरेत साठवते आणि टेस्ट फेल झाली तरच छापते. हिरव्या टेस्टचा आउटपुट त्यामुळे स्वच्छ राहतो.

आता उणिवा. टेस्ट फाइलमध्ये, इम्पोर्टनंतर, एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल बदलून काही होत नाही. त्याची किंमत पॅकेज लोड होतानाच वाचली जाते. तिथे डीबग डॉट एनेबल हे फंक्शन वापरा. लॉग बंद असला तरी आर्ग्युमेंट मोजली जातातच, म्हणून मोठ्या ऑब्जेक्टचं स्ट्रिंगिफाय (मजकुरात रूपांतर) करण्याआधी लॉग चालू आहे का हे सांगणारं एनेबल्ड तपासावं. इशारा, चूक, माहिती अशा पातळ्या यात नाहीत. प्रॉडक्शनच्या लॉगसाठी मी हे सुचवणार नाही, पण टेस्टमध्ये पातळीपेक्षा भाग निवडता येणं जास्त कामाचं. ब्राउझरमध्ये सेटिंग लोकल स्टोरेजमध्ये करावी लागते, आणि क्रोमच्या कन्सोलमध्ये 'व्हर्बोज' पातळी चालू नसेल तर काहीच दिसत नाही.

बाहेरचं पॅकेज नकोच असेल तर नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीत) यूटिल डॉट डीबगलॉग आहे. नावानुसार चालू-बंद तिथेही होतं, पण मिलिसेकंदांचा फरक मिळत नाही, आणि माझं अर्धं काम त्याच्यावरच चालतं.

बसवताना आवृत्ती मात्र बघून घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये ४.४.२ या आवृत्तीत क्रिप्टो वॉलेटचे व्यवहार वळवणारा घातक कोड घुसवला गेला होता. ती काही तासांतच काढली गेली, तरी जुन्या लॉकफाइलमध्ये (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या फाइलमध्ये) किंवा खासगी कॅशेत ती राहिलेली असू शकते. ४.४.३ किंवा त्यापुढची घ्या.