कॅनडाचा पीआर: स्वतःच्या गुणांवर की जोडीदाराच्या नावावर?

जोडीदार आधीच कॅनडाचा नागरिक किंवा पीआर (कायमचा रहिवासी) आणि तुम्ही पुण्या-ठाण्यात आयटीत, अशी स्थिती असेल तर एक्स्प्रेस एंट्री (स्वतःच्या गुणांवर) आणि स्पाउस स्पॉन्सरशिप (जोडीदाराच्या नावावर) असे दोन्ही रस्ते मोकळे असतात. एक्स्प्रेस एंट्रीत वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांना जे गुण मिळतात ती पद्धत म्हणजे सीआरएस; ठरावीक ड्रॉमध्ये वरच्या गुणांच्या लोकांना अर्जाचं आमंत्रण मिळतं, ते आयटीए. मी स्पॉन्सरशिपने गेलो, म्हणजे माझा कल कुठे आहे ते कळलंच. (क्युबेकचे नियम वेगळे, ते इथे घेत नाही.)

वेगात एक्स्प्रेस एंट्री पुढे आहे. पूर्ण अर्ज गेल्यावर सहा महिन्यांचं उद्दिष्ट असतं. स्पॉन्सरशिपला वर्ष धरून चाला, कधी जास्तही लागतं. शिवाय जोडीदार पीआर किंवा नागरिक असला की सीआरएसमध्ये तुम्हाला एकट्यासारखं मोजतात, म्हणजे विशीत वयाचे १०० ऐवजी ११० गुण. पण तिसाव्या वाढदिवसाला त्याचे १०५ होतात, एकतिसाव्याला ९९, पस्तिसाव्याला ७७. मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरचे गुणही गेले. फ्रेंच येत नसेल किंवा प्रांताच्या नामांकनाचे ६०० गुण नसतील, तर ड्रॉकडे डोळे लावून बसायचं.

तेही एक वेळ चालेल. गाडी अडते ती अनुभवपत्रावर. कॅनडाला लेटरहेडवर पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार, भत्ते आणि मुख्य कामं अशी सगळी माहिती सहीनिशी लागते. आपल्याकडच्या बहुतेक एचआरचा छापील मजकूर पद आणि तारखांवर संपतो. ‘कामाचं स्वरूप लिहिणं पॉलिसीत बसत नाही’ हे उत्तर ठरलेलं. मग जुन्या मॅनेजरचं स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र, सोबत पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, रिलीव्हिंग लेटर, एचआरने नकार दिल्याचा ईमेल आणि हे सगळं का जोडलं याचा खुलासा. चालतं, पण मान्य करणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर. त्यातही कामांची यादी एनओसीच्या (कॅनडाच्या व्यवसाय-वर्गीकरणाच्या) पानावरून जशीच्या तशी उतरवली, तर संशय वाढतो. आयटीए आल्यापासून हातात ६० दिवस. तीन कंपन्या बदलल्या असतील तर हे तीनदा. पत्र अपुरं म्हणून अर्ज परत आला की ते आमंत्रणही गेलं. इतकी वर्षं काम करून त्याचा पुरावा दुसऱ्याच्या एचआरकडे अडकावा, हे मला काही पटेना.

स्पॉन्सरशिपमध्ये आयईएलटीएस नाही, डिग्रीचं मूल्यांकन नाही, बँकेतली शिल्लक दाखवणं नाही. फक्त पती-पत्नी असाल तर साधारणपणे किमान उत्पन्नाची अटही नाही. सिद्ध करायचं ते नातं, आणि त्याचे कागद घरातच असतात: विवाह नोंदणीचा दाखला, पत्रिका, साखरपुडा-केळवणाचे फोटो, तिकिटं, चॅट. फोटोत दोन्हीकडची माणसं दिसू द्या. निव्वळ स्टुडिओतले पन्नास फोटो फारसे कामाचे नाहीत.

घोळ होतो तो तारखांचा. आपल्याकडे व्हिसासाठी आधी नोंदणी उरकतात आणि हॉल मिळेल तेव्हा लग्न लावतात. कॅनडाच्या लेखी तुम्ही नोंदणीच्या दिवसापासून विवाहित. या दोन तारखांच्या मध्ये जोडीदार अविवाहित म्हणून पीआर घेऊन उतरला असेल, तर कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीच्या कलम ११७(९)(डी) खाली तुम्ही कुटुंब गटातूनच बाद होऊ शकता. अर्जाआधी त्याच्या लँडिंगची तारीख दाखल्याशी ताडून बघा.

स्पॉन्सरशिपचा अर्ज देशातल्या किंवा देशाबाहेरच्या अशा दोन गटांतून करता येतो. तुम्ही कॅनडात असलात तरी मला देशाबाहेरच्या गटातला अर्ज बरा वाटतो. तो नाकारला गेला तर स्पॉन्सरला अपिलाचा हक्क असतो. देशातल्या गटात तो नाही, आणि मध्येच भारतात येणंही जोखमीचं.

स्पॉन्सरला तीन वर्षांची आर्थिक हमी द्यावी लागते आणि घटस्फोट झाला तरी ती सुटत नाही, हे दोघांनी आधीच बोलून घ्या. जोडीदार पीआर असून सध्या भारतात राहत असेल, किंवा तो स्वतःच गेल्या पाच वर्षांत कुणाचा जोडीदार म्हणून स्पॉन्सरशिपवर पीआर झाला असेल, तर मात्र हा मार्ग बंद. मग अनुभवपत्राला पर्याय नाही. ते नोटीस पिरियडमध्येच मागून घ्या. तेव्हा मॅनेजर सही करतो, नंतर फोनही उचलत नाही.