हीट सिंकसाठी लॅटिस बोल्ट्झमन की ओपनफोम?

अ‍ॅल्युमिनियमच्या हीट सिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर सोडणाऱ्या भागाच्या, फिनांमधून (पातळ पात्यांमधून) हवा वाहते आहे आणि धातूतलं व हवेतलं तापमान एकत्रच काढायचं आहे. एम.टेक.च्या प्रकल्पात किंवा कंपनीतल्या कामात हा प्रश्न आला की दोन वाटा समोर असतात: ओपनफोम या मुक्त स्रोत प्रवाह-गणन सॉफ्टवेअरमधला सीएचटी-मल्टीरीजनफोम (घन आणि प्रवाही यांतली उष्णता एकत्र सोडवणारा भाग), नाहीतर लॅटिस बोल्ट्झमन पद्धत, म्हणजे एलबीएम. यात जाळीच्या सेलमधले कणांचे गट शेजारी सरकवत आणि एकमेकांवर आदळवत प्रवाह काढतात. निवड करताना बहुतेक जण वेगाची तुलना करतात. माझ्या मते आधी पदार्थांची जोडी पाहावी.

घन आणि प्रवाही (हवा किंवा पाणी) जिथे भेटतात तिथे दोन अटी पाळाव्या लागतात: दोन्हीकडचं तापमान सारखं आणि उष्णतेचा प्रवाहही सारखा. ओपनफोममध्ये धातूची जाळी वेगळी, हवेची वेगळी. सीमेवर देवाणघेवाण करत दोन्ही अटी जुळवल्या जातात. एलबीएममध्ये सगळीकडे एकच चौकोनी जाळी असते. प्रत्येक सेलला घन की प्रवाही एवढंच सांगायचं, तापमानासाठी वितरण-फलांचा (कोणत्या दिशेला किती कण जातात ते सांगणाऱ्या फलांचा) दुसरा संच चालवायचा आणि घनात रिलॅक्सेशन टाइम (ही फलं समतोलाकडे यायला लागणारा काळ) बदलायचा. सीमा आपोआप हाताळली जाते, असं वाटतं.

इथेच फसगत होते. रिलॅक्सेशन टाइममधून फक्त थर्मल डिफ्युसिव्हिटी, म्हणजे पदार्थात तापमान किती वेगाने पसरतं ते, ठरते. घनता आणि विशिष्ट उष्मा यांचा गुणाकार दोन्हीकडे वेगळा असेल, तर उष्णतेच्या प्रवाहाची अट मोडते. हवा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या डिफ्युसिव्हिटीत जेमतेम साडेचारपट फरक आहे, त्यामुळे सगळं सुरळीत दिसतं. पण त्या गुणाकारात सुमारे २,००० पटींचा फरक आहे. १०० अंशांचं अ‍ॅल्युमिनियम २० अंशांच्या स्थिर हवेला टेकवलं, तर सीमेवरचं तापमान ९९.९८ अंश यायला हवं. साध्या एलबीएममध्ये ते ७४ च्या आसपास येतं. हवेऐवजी पाणी घेतलं तर खरं उत्तर ९५, साध्या एलबीएमचं ९७. चूक दोनच अंशांची. पण पाण्यात अडचण दुसरी येते. डिफ्युसिव्हिटीत जवळपास ७०० पट फरक असल्याने पाण्यात रिलॅक्सेशन टाइम ०.५१ ठेवला, तर धातूत तो ७ च्या पुढे जातो आणि साधं बीजीके (एकच रिलॅक्सेशन टाइम वापरणारी मांडणी) सीमेजवळ बिघडतं. तिथे टीआरटी किंवा एमआरटी (दोन किंवा अनेक रिलॅक्सेशन टाइम वापरणाऱ्या मांडण्या) घ्या. हवेच्या जोडीसाठी सीमेवर दुरुस्तीचं स्रोत-पद किंवा एन्थाल्पीवर (पदार्थातल्या उष्णतेच्या साठ्यावर) आधारलेली मांडणी हवीच. तुम्ही निवडलेल्या कोडमध्ये ती आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता वेळ. एक मिलिमीटर जाडीच्या फिनमध्ये पाच सेल हवे असतील तर जाळी ०.२ मिमीची, म्हणजे १० सेंमीच्या घनाकृती भागात साडेबारा कोटी सेल. प्रवाहासाठी डी३क्यू१९ (तीन मिती, १९ दिशा) आणि तापमानासाठी डी३क्यू७ (७ दिशा) धरून, प्रत्येकी दोन प्रती ठेवल्या, तर सिंगल प्रिसिजनमध्ये (आकड्याला ४ बाइट) सेलमागे २०८ बाइट लागतात. एकूण २६ जीबी. २४ जीबीच्या जीपीयूत हे मावत नाही. हवेचा वेग सेकंदाला २ मीटर आणि लॅटिसमधला ०.१ (एका टाइमस्टेपमध्ये ०.१ सेल) धरला तर टाइमस्टेप १० मायक्रोसेकंदांची होते. पाच सेंमी धातूत उष्णता पसरायला साधारण २६ सेकंद लागतात, म्हणजे २६ लाख टाइमस्टेप. सेकंदाला १०० कोटी सेलचा वेग मिळाला तरी जवळपास पावणेचार दिवस! फक्त स्थिर अवस्थेतलं तापमान हवं असेल, तर ओपनफोमच घ्या. भिंतीजवळ बारीक आणि दूर जाड जाळी करता येते आणि टाइमस्टेपच्या लाखो पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

मग एलबीएम कुठे? धातूचा फोम, खड्यांचा थर, सीटी स्कॅनमधून आलेला सच्छिद्र दगड, जिथे भूमितीची जाळी बनवण्यातच आठवडे जातात. व्हॉक्सेल, म्हणजे स्कॅनमधला त्रिमितीय ठिपका, थेट सेल होतो. पोकळ्यांमधला प्रवाह मंद असतो, आणि जीपीयूवर हे काम सुंदर पसरतं. त्यासाठी पॅलाबॉस (जिनिव्हा विद्यापीठाचा सहभाग असलेला) किंवा ओपनएलबी (कार्ल्सरूहे इथला) पाहावा. दोन्ही मुक्त स्रोत आहेत. परवाने मात्र कंपनीच्या कामाआधी वाचा.

कोणताही कोड घेतलात तरी आधी दोन चाचण्या करा. पहिली, १९८३ची डी व्हाल डेव्हिस यांची चौकोनी पोकळी (एक भिंत गरम, समोरची थंड): हवेसाठी रेली अंक (तापमानातल्या फरकामुळे उठणाऱ्या प्रवाहाचा जोर) दहा लाख असताना सरासरी नुसेल्ट अंक (नुसत्या वहनाच्या तुलनेत किती पट उष्णता जाते) ८.८ यायला हवा. दुसरी, वर सांगितलेली अ‍ॅल्युमिनियम-हवेची टक्कर. पहिलीत पास होऊन दुसरीत नापास होणारा कोड हीट सिंकसाठी वापरू नका.